तुकडी, रवा आणि मधलं पाणी

तुकडी तेलात पडताक्षणी जो ‘चर्र’ आवाज येतो, तो पाण्याचा. माशाच्या अंगातलं, मसाल्यातलं, रव्याने शोषलेलं पाणी गरम तेलाला भेटतं आणि वाफ होऊन निसटायला बघतं. पुढची सहा-सात मिनिटं तव्यापाशी जे काही चालतं ते या पाण्याला वाट करून देण्याचं काम. वरवरचं पाणी गेलं पाहिजे, म्हणजे रवा कुरकुरीत होईल. आतलं राहिलं पाहिजे, म्हणजे मासा कोरडा पडणार नाही. रवा का सुटला, तुकडी तव्याला का चिकटली, तेल का प्याली, अशा बहुतेक तक्रारींचा माग काढत गेलं की शेवटी नको त्या जागी साचलेलं पाणीच सापडतं.

कोकण-गोव्यात आणि मुंबईत घरोघरी मासे तळतात ते तव्यावर. खानावळीत कढई परवडते, कारण तिथे दुपारभर घाण्यामागून घाणे निघत असतात. घरी चार तुकड्यांसाठी लिटरभर तेल तापवलं तर दुसऱ्या दिवशी त्यात पुऱ्या तळता येत नाहीत, माशाचा वास तेलातून जात नाही, आणि एवढं तेल ओतून द्यायला जीव होत नाही. तव्याचा खर्च किती? २० सेंटिमीटर सपाट बूड धरलं आणि तेल ३ मिलिमीटर उंच ठेवलं, तर ते होतं साधारण ९५ मिलिलिटर. नेहमीच्या वाटीने अर्धी वाटी. त्यातलंही सगळं पोटात जात नाही.

मात्र एवढ्याशा तेलात तळायचं तर कढई जी कामं आपसूक करते ती हाताने करावी लागतात. कढईत तुकडीला चहूबाजूंनी आच लागते. तेलाचा साठा मोठा असल्यामुळे चार तुकड्या एकदम पडल्या तरी ते फार निवत नाही. सुटलेला रवा तळाशी जाऊन बसतो, तुकडीला लागत नाही. तव्यावर यातली एकही सोय नाही. तिथे तेल क्षणात निवतं, कडा पांढऱ्या राहतात आणि सुटलेला प्रत्येक कण तुकडीशेजारीच करपतो. म्हणून तव्यावरच्या माशाचं यश पदार्थ तेलात पडण्याआधीच बरंचसं ठरलेलं असतं.

सुरुवात बाजारात होते. सुरमई घेताना कोळीणमावशींना ‘तळायला’ एवढंच सांगून भागत नाही. त्यांच्या हाताला कालवणाच्या जाड तुकड्यांची सवय असते. ‘मावशी, तळणीच्या तुकड्या पातळ काढा, अर्ध्या इंचाच्या,’ असं स्पष्ट सांगावं. अर्धा इंच म्हणजे सव्वा सेंटिमीटर. याहून जाड तुकडी तव्यावर बाहेरून करपते तरी मधल्या काट्यापाशी गुलाबी राहते. याहून पातळ असली तर रव्याला रंग येईतो मासा पार सुकतो. अर्धा किलोत अशा सहा तुकड्या बसतात. मालवणकडे यांनाच कापं म्हणतात. पोटाकडच्या तुकड्या घोड्याच्या नालासारख्या दिसतात. त्यांचे दोन पातळ पाय पाठीच्या जाड भागाच्या निम्म्या वेळात होतात आणि मग करपायला लागतात. तळायला पोट संपल्यानंतरच्या, शेपटाच्या अलीकडच्या गोल तुकड्या सगळ्यात सोप्या. डोकं, शेपूट आणि पोटाचे पाय कालवणात टाकावेत, तिथे त्यांची किंमत जास्त.

तुकड्या धुताना मधल्या काट्यालगतचं काळपट रक्त अंगठ्याने काढून टाकावं. तळल्यावर जो कडवट, उग्र वास येतो तो बरेचदा त्या रक्ताचा असतो आणि दोष मात्र मसाल्याला दिला जातो. दोन पाणी पुरेत. पाण्यात बुडवून ठेवायचं नाही, आणि मसाला लावल्यावर तर पाण्याचा थेंबही नको.

आता मीठ. बहुतेक ठिकाणी मीठ, हळद, तिखट, आलं-लसूण, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) असं सगळं एकदम चोळून तुकड्या मुरायला ठेवतात आणि अर्ध्या तासाने थाळीत लाल पाणी सुटलेलं असतं. त्याच ओल्या तुकड्या रव्यात लोळवल्या की रवा लाडवासारखा थापला जातो, आणि तेलात गेल्यावर खालून वाफ झाली की त्याची आख्खी पापडी उचलली जाते. यावर उपाय एकच, काम दोन टप्प्यांत करायचं. अर्धा किलो सुरमईला आधी पाऊण चहाचा चमचा मीठ आणि अर्धा चमचा हळद चोळून तुकड्या चाळणीत तिरक्या उभ्या कराव्यात. दहा-पंधरा मिनिटांत मीठ वरचं पाणी खेचून काढतं. ते टिपून टाकायचं, आणि टिपायचं म्हणजे सुती फडक्याने दोन्ही बाजूंनी दाबून. मीठ आत गेलेलं असतं, वास कमी झालेला असतो, आणि तुकडी हाताला थोडी घट्ट लागते. हा घट्टपणा पुढे उलटताना कामी येतो.

मग मसाला. दोन चहाचे चमचे तिखट किंवा मालवणी मसाला, दीड चमचा आलं-लसूण अगदी मऊ वाटून, आणि आंबटासाठी एक मोठा चमचा कोकमाचं आगळ. आगळात मीठ असतंच, म्हणून वर मीठ पाऊण चमचाच धरलं. लिंबू किंवा चिंचेचा घट्ट कोळ वापरला तर मीठ पुरता एक चमचा. सगळं एकत्र केल्यावर गोळा बोटाला चिकटला पाहिजे, बोटावरून ओघळता कामा नये. ओघळला तर अर्धा चमचा तांदळाचं पीठ त्यातच घालावं. मसाला माखायचा तो पातळ, माशाचा रंग अंधुक दिसेल इतपत. जाड थर दिला की चव वाढते असं वाटतं खरं, पण तो थर म्हणजे मासा आणि रवा यांच्यामधली घसरगुंडी आहे. आलं-लसूण भरड राहिलं तर त्याचे कण रव्यातून डोकं वर काढतात आणि सगळ्यांत आधी तेच जळतात. एका तुकडीवर चार-पाच काळे कडू ठिपके येतात ते त्यांचे.

आंबट लावून मासा किती वेळ ठेवायचा? वीस मिनिटं बस झाली. आंबटाने माशातली प्रथिनं आचेशिवायच आवळायला लागतात, वरचा भाग पांढरट होतो, आणि तासाभराने तळलं तर तोंडात खडूसारखं लागतं. रात्रीच मसाला लावून ठेवायचा असेल तर आंबट सकाळी लावावं. थांबण्याची जागा फ्रिज. बांगडा, सुरमई, तारली या जातीच्या माशांबाबतीत तर हे चवीपुरतं नाही. त्यांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असतं. मासा उबेत राहिला की जिवाणू त्यापासून हिस्टमिन तयार करतात, आणि ते एकदा झालं की तळण्याने नाहीसं होत नाही. बांगडा खाल्ल्यावर चेहरा लाल होणं, अंगावर गांधी उठणं, जीभ चुरचुरणं यामागे पुष्कळदा हेच कारण असतं. तळायच्या आधी मात्र पंधरा मिनिटं मासा बाहेर काढून ठेवावा. अगदी गार तुकडी पडली की तव्यावरच्या मूठभर तेलाची ऊब तीच पिऊन टाकते.

रव्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण ‘रवा’ या एका शब्दाखाली वाण्याकडे चार वेगळ्या गोष्टी मिळतात. चिरोटी रवा इतका बारीक असतो की तो पिठासारखा वागतो. कवच होतं, पण दाताखाली काही येत नाही. जाड रवा तळून झाल्यावरही मधूनमधून कच्चा राहतो आणि वाळू चावल्यासारखं होतं. इडली रवा हा तांदळाचा, त्याचे कण तव्यावरच्या सात मिनिटांत शिजतच नाहीत. हवा तो साधा बारीक रवा, उपम्याला घेतो त्याहून एक नंबर खाली. तोही कच्चा. भाजून डब्यात भरलेला रवा हाताशी असतो म्हणून वापरला जातो, पण त्याचा निम्मा रंग आधीच आलेला असतो. मासा शिजण्याआधी तो तपकिरी होऊन बसतो.

नुसता रवा लावला तर कणांमध्ये फटी राहतात. त्या फटींतून मसाल्याचं पाणी थेट तव्याला भेटतं आणि तिथे मासा चिकटतो. म्हणून एका वाटी रव्याला पाव वाटी तांदळाचं पीठ. पीठ फटी भरतं, रवा दाताखाली आवाज देतो. तांदळात ग्लुटेन नाही, त्यामुळे कवच चिवट होत नाही आणि निवल्यावरही थोडा वेळ तग धरतं. या मिश्रणात चिमूटभर मीठ आणि अर्धा चमचा तिखट, रंगापुरतं. याहून जास्त तिखट रव्यात घालू नये. मसाला रव्याच्या आड असतो तोवर सुरक्षित. रव्यातलं तिखट उघड्यावर असतं आणि पहिलं तेच काळं पडतं. हॉटेलातल्या भगव्या रव्याचं रहस्य बहुतेकदा रंगाच्या डबीत असतं, त्याच्याशी घरच्यांनी स्पर्धा करण्यात अर्थ नाही.

लावायची पद्धत: पसरट ताटात रवा, त्यावर तुकडी ठेवायची, वरून रवा टाकायचा, तळव्याने एकदाच हलकं दाबायचं, उचलून कडा रव्यात फिरवायच्या आणि मग दोन बोटांत धरून झटकायची. झटकणं राहून गेलं तर जो रवा तुकडीला धरून नव्हता तो तव्यात उतरतो आणि दुसऱ्या घाण्याला काळे ठिपके देतो. झटकल्यावर तुकडी कोरड्या ताटात पाच मिनिटं ठेवावी. रवा तेवढ्यात मसाल्याची ओल पिऊन जागच्या जागी धरतो. दहा-पंधरा मिनिटं झाली की मात्र तो फुगून लगदा होतो, वरून ओला दिसायला लागतो. म्हणून सगळ्या तुकड्या एकदम घोळवून ठेवू नयेत. पहिला घाणा तव्यावर गेला की दुसरा घोळवायला घ्यावा. वेळ बरोबर जुळतो.

अंड्यावर पावाचा चुरा लावून तळायची रीत वेगळी. तिथे आधी कोरडा मैदा, मग फेटलेलं अंडं, मग चुरा. मैदा ओल टिपतो, अंडं तापल्यावर घट्ट होऊन डिंकाचं काम करतं. अर्धा किलो बिनकाट्याच्या माशाला तीन मोठे चमचे मैदा, एक अंडं आणि दीड वाटी चुरा लागतो. मैदा वगळला की अंडं ओल्या माशावरून घसरतं आणि कवच कोटासारखं निघून हातात येतं. चुरा एकदा भाजला गेलेलाच असतो, त्यामुळे तो रव्याच्या निम्म्या वेळात लाल होतो. आच कमी ठेवावी आणि मासा एका सेंटिमीटरहून जाड नको. गोड टोस्टचा चुरा तर साखरेमुळे आणखीच घाईने जळतो. कोलकात्याच्या फिश फ्रायला बिस्किटाचा चुरा असतो आणि मासा भेटकी. भेटकी म्हणजे आपल्याकडे रायगडात ज्याला जिताडा म्हणतात तोच. अलिबाग-पेणकडे जिताड्याच्या तुकडीला चुऱ्यात घोळवायचं कुणाच्या मनात येत नाही, आणि तिकडे भेटकीला रवा लावायचं येत नाही. एकाच माशाला दोन किनाऱ्यांनी दोन अंगरखे शिवले. कोळी-आगरी घरांत तर पुष्कळदा अंगरखाच नसतो, मसाला आणि फार तर तांदळाच्या पिठाचा हात. मासा फडफडीत ताजा असेल तर तीच रीत खरी, हे रव्याची एवढी तरफदारी करूनही कबूल करावं लागतं.

तवा बिडाचा असावा, सपाट, जाड. बीड तापायला वेळ घेतं पण तापल्यावर धरून ठेवतं, आणि तव्यावरच्या थोड्या तेलाला हाच आधार असतो. मध्यम आचेवर पाच मिनिटं नुसता तवा तापवायचा, मग तेल. खोलगट चपातीच्या तव्यात तेल मधे गोळा होतं. दोन तुकड्यांपुरता तो चालतो, चौथी तुकडी कडेला कोरडीच राहते. नॉनस्टिकवर मासा चिकटत नाही हे खरं, पण तो रिकामा मोठ्या आचेवर तापवायचा नसतो, आणि पातळ असेल तर पहिल्या दोन तुकड्यांनीच थंड होतो. स्टीलचं पसरट भांडं असेल तर त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघावा. थेंब जागीच चुरचुरून आटला तर अजून वेळ आहे. पाऱ्यासारखा गोळा होऊन पळायला लागला की तेल घालायचं.

तेल शेंगदाण्याचं रिफाइंड किंवा सूर्यफुलाचं. घाणीचं शेंगदाणा तेल चवीला सरस, पण ते लवकर धुरावतं, म्हणून आचेवर डोळा हवा. खोबरेल तेलात तळलेला बांगडा ज्याने खाल्लाय त्याला बाकीची तेलं फिकी वाटतात. त्यालाही मोठी आच मानवत नाही. तेल १७० ते १८० अंशांच्या आसपास हवं, पण ३ मिलिमीटर तेलात थर्मामीटर बुडतच नाही, तेव्हा रव्याची चिमूट हाच मापक. चिमूट टाकल्यावर कणांभोवती लगेच बारीक बुडबुडे आले आणि ते पसरले तर तेल तयार. कण मुके बसून राहिले तर थांबायचं. तीन-चार सेकंदांत तपकिरी झाले तर आच बारीक करून अर्धा मिनिट जाऊ द्यायचं. काही घरांत या वेळी सालासकट ठेचलेल्या लसणाच्या दोन पाकळ्या तेलात सोडतात. पहिली तुकडी पडली की त्या काढून घ्याव्यात, नाहीतर त्याच तेलाला कडू करतात.

तुकडी आपल्यापासून दूरच्या बाजूला झुकवत सोडायची, म्हणजे तेल अंगावर उडत नाही. २६-२८ सेंटिमीटरच्या तव्यावर चार तुकड्या, दोघींमध्ये दोन बोटांची जागा. पाचवी घालायचा मोह सगळ्यांना होतो. ती घातली की वाफेला निघायला जागा उरत नाही, तेल निवतं, आणि पाचही तुकड्या तळण्याऐवजी उकडल्या जातात. तुकडी ठेवल्यावर पहिले दहा सेकंद कालथ्याने हलकेच दाबून धरावी, कारण कातडी आचेने आखडते आणि तुकडी मधून उचलली जाते. त्यानंतर तिला हात लावायचा नाही. तीन मिनिटं तरी नाही. माशातली प्रथिनं कच्ची असताना तापल्या धातूला घट्ट धरतात, खालचं कवच वाळून कडक झालं की आपणहून सोडतात. तवा जरा हलवून बघावा. तुकडी सरकली तर उलटायची. अडून बसली तर अजून अर्धा मिनिट. खरवडून उलटवलेल्या तुकडीचा रवा तव्यावर राहतो आणि पांढरी पाठ ताटात येते.

कान असलेल्याला तर हलवायचीही गरज पडत नाही. सुरुवातीचा आवाज जाड, ओला असतो, बुडबुडे मोठे आणि गर्दीने येणारे. वरचं पाणी संपत आलं की आवाज बारीक, कोरडा, तुटक होतो, बुडबुडे मोहरीएवढे होतात. उलटायची वेळ ती. आवाज पूर्ण थांबला तर उशीर झाला, कारण वाफ बाहेर येते आहे तोवर ती तेलाला आत शिरू देत नाही.

उलटण्याआधी कडेने चहाचा एक चमचा तेल सोडावं. पहिल्या बाजूच्या रव्याने त्याचा वाटा घेतलेला असतो, दुसऱ्या बाजूला कोरडा तवा मिळाला तर ती डागाडागाने भाजते. एकदाच उलटायचं. दुसरी बाजू तीन मिनिटं, आच किंचित कमी. झाकण नको, झाकणाखाली साचलेली वाफ दोन मिनिटांत सगळ्या कुरकुरीतपणावर पाणी फिरवते, इथे अक्षरशः. शेवटी चिमट्याने तुकडी कडेवर उभी करून तव्यावरून फिरवायची, म्हणजे पांढऱ्या राहिलेल्या कडांनाही रंग येतो. मधल्या काट्यापाशी सुरीचं टोक घालून बघितलं तर मांस काट्यापासून सुटलं पाहिजे आणि पारदर्शक गुलाबी दिसता कामा नये. कडेने पांढरा फेसासारखा रस घट्ट होऊन बाहेर यायला लागला, तर मासा मर्यादेपलीकडे गेला.

घाणा निघाला की तवा रिकामा करून कागदाने किंवा फडक्याने पुसून घ्यावा, सुटलेला रवा काढून टाकावा, नवं तेल घालून पुन्हा चिमूट टाकून बघावी. दीड मिनिटाचं काम आहे. बहुतेक घरांत ते होत नाही, आणि म्हणून ‘पहिल्या तुकड्या छान झाल्या, नंतरच्या काळ्या पडल्या’ असं ऐकू येतं.

तुकडी काढल्यावरही तळणं संपलेलं नसतं. तेल आत जातं ते मुख्यतः आता. तव्यावर असताना वाफेचा दाब बाहेरच्या दिशेने असतो. तुकडी निवायला लागली की आतली वाफ आवळते आणि पृष्ठभागावर रेंगाळलेलं तेल सूक्ष्म छिद्रांतून आत ओढलं जातं. म्हणून काढतानाच तव्याच्या कडेला पाच सेकंद तिरकी धरून निथळावी आणि जाळीवर किंवा पालथ्या चाळणीवर उभी टेकवावी. कागदावर आडवी ठेवली तर वरचं तेल टिपलं जातं खरं, पण खालच्या बाजूची वाफ कोंडते आणि तो रवा ओला पडतो. वर्तमानपत्र तर नकोच, शाईबद्दल अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वारंवार बजावलं आहे.

बोंबील हा वेगळा प्रांत. ताज्या बोंबलात जवळजवळ पाणीच असतं, हातात धरला तर जेलीसारखा लुळा पडतो. डोकं, शेपूट, पर काढायचे, पोटाच्या बाजूने उभा चिरून पुस्तकासारखा उघडायचा, मीठ भुरभुरवायचं. दोन स्वच्छ सुती फडक्यांच्या मधे एकाशेजारी एक मांडायचे, वर पोळपाट, पोळपाटावर चार-पाच किलो वजन: पाटा, नाहीतर पाण्याने भरलेलं पातेलं. तास-दीड तास. उन्हाळ्यात ही सगळी उतरंड फ्रिजमध्ये. फडकं चिंब होतं, आणि बोंबील निम्म्या जाडीचा, चामड्यासारखा लवचिक होऊन निघतो. घाई म्हणून पंधरा मिनिटांत काढलेला बोंबील तव्यावर आपलं उरलेलं पाणी सोडतो आणि रव्याची खीर होते. याला आंबट अगदी शेवटी, नावापुरतं, मसाला बोटाला लागेल एवढाच, आणि आवरणात रव्याइतकंच तांदळाचं पीठ. पहिल्या बाजूला चार मिनिटं पुरती द्यायची, उलटताना एक कालथा खाली आणि दुसरा वरून धरायचा, नाहीतर मधोमध तुटतो. नीट झालेला बोंबील बाहेरून कडक आणि आत लोण्यासारखा असतो. दाबायचा कंटाळा असेल त्याने त्याचं कालवण करावं.

बाकीच्यांचं थोडक्यात. पापलेट, मालवणकडचा सरंगा, २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा, अख्खा तळायचा तर दोन्ही अंगांना काट्यापर्यंत पोचणाऱ्या तीन-तीन तिरक्या चिरा द्याव्यात. कातडी आखडून मासा वाकत नाही आणि मसालाही आत पोचतो. पाव किलोच्या पापलेटाला प्रत्येक बाजू पाच-सहा मिनिटं, मंद-मध्यम आच. झाकणाचा एकमेव अपवाद इथे: दुसऱ्या बाजूला दोन मिनिटं झाकण तिरकं ठेवायचं, मग उघडून एक मिनिट कोरडं होऊ द्यायचं. बांगड्याच्या अंगचं तेल पुष्कळ, त्याला वरून तेल कमी लागतं. रेशाद, म्हणजे गोव्याचा लाल आंबट-तिखट मसाला, भरलेला बांगडा असेल तर चिरेच्या तोंडाशी रवा दाबून आधी तीच बाजू तव्यावर टेकवावी, म्हणजे तोंड बंद होतं आणि मसाला गळत नाही. मांदेली घोळवताना एकेक करत बसू नये. डब्यात रवा घालून झाकण लावून हलवली की झालं. काटा चावून खाता येईल इतकी कडक हवी.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या काळात बाजारात दिसणारी सुरमई बरेचदा बर्फातली, आणि परदेशातल्या मराठी घरांत तर ती बाराही महिने गोठलेलीच येते. गोठताना बर्फाच्या सुया मांसाचे धागे फाडतात, त्यामुळे वितळल्यावर पाणी जास्त सुटतं. वितळवायची ती रात्रभर फ्रिजमध्ये चाळणीवर, खाली ताट ठेवून. नळाखाली किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. मीठ लावून टिपायचं काम मग दोनदा करायचं. कॉडसारखा पाणचट, पापुद्र्यांचा मासा दोन बोटं जाड मिळतो, तो आडवा चिरून निम्मा पातळ करावा. सामनला मसाला आणि रवा चालतो, पण त्याच्या स्वतःच्या तेलामुळे आच एक पायरी कमी. विजेच्या शेगडीवर आच कमी-जास्त केलेली तव्याला उशिरा कळते, तेव्हा तवा उचलून बाजूला धरणं हीच आच कमी करण्याची खरी रीत. आणि धुराची घंटा वाजते ती माशामुळे वाजत नाही, मागच्या घाण्याच्या जळक्या रव्यामुळे वाजते.

हवेवर तळणाऱ्या यंत्राविषयी, म्हणजे एअर फ्रायरविषयी, एवढंच: रव्याला तेल मिळालं नाही तर तो तळला जात नाही, नुसता वाळतो. त्यात ठेवायचंच असेल तर दोन्ही बाजूंना तेलाचा हात फिरवावा, आणि रव्याऐवजी पावाचा चुरा घ्यावा.

ताटं आधी वाढावीत, तुकडी नंतर. भात, सोलकढी, कांदा सगळं समोर आलं की मग तव्यावरून ताटात. दहा मिनिटांत ओल आतून रव्यात येतेच, तिला कुणी थांबवू शकलेलं नाही. म्हणून तळणारी व्यक्ती नेहमी शेवटी जेवते, आणि तिच्या वाट्याला बहुधा फुटलेली तुकडी येते. उरलेली तुकडी संध्याकाळी गरम करायची तर कोरड्या तव्यावर, तेलाशिवाय, मंद आचेवर, दर बाजूला तीन मिनिटं. ताटात उरलेला रवा परत डब्यात भरायचा नाही, त्याला कच्च्या माशाचा हात लागलेला असतो. बोटभर आगळ आणि पाणी शिंपडून त्याच्या चपट्या टिकल्या शेवटच्या तेलात टाकल्या तर मुलं माशाच्याही आधी त्या संपवतात.

तवा गरम आहे तोवरच पुसून घ्यावा, मग त्यावर जाडं मीठ टाकून फडक्याने घासावा. आगळ आणि लिंबू बिडावरचा तेलाचा थर खातात, तेव्हा मीठ झाडल्यावर पुन्हा दोन मिनिटं तापवून तेलाचा पातळ हात फिरवायचा. साबण कमीत कमी. एवढं करूनही त्याला वास राहतोच. म्हणून बऱ्याच घरांत माशांचा तवा वेगळा असतो, चुलीमागच्या खिळ्याला टांगलेला, आणि सकाळी घावने घालायला दुसराच तवा निघतो.